तिच्या खुणा कोणी वाचायच्या?

गेल्या अंकात आम्ही परीक्षेच्या दिवसांत मुलांवर हात उगारणाऱ्या पालकांविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांनी आम्हाला शाबासकी दिली, तर काहींनी ‘छडीशिवाय विद्या नाही’ हे पुन्हा एकदा ऐकवले. त्या सगळ्यांत एक पत्र वेगळे होते. वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले. लिहिणाऱ्या भगिनीने नाव छापू नका म्हटले आहे आणि आम्ही ते छापणार नाही.

त्या लिहितात की, त्यांची मुलगी १४ वर्षांची आहे आणि मतिमंद आहे. घरात सासू आजारी, नवरा रिक्षा चालवतो. मुलगी दिवसातून चार वेळा कपडे खराब करते, उघडा दरवाजा दिसला की बाहेर धावते. “कधी कधी माझा हात सुटतो. मग रात्री ती झोपली की तिचे पाय दाबत रडत बसते. शाळेत जाणाऱ्या हुशार मुलांना मारू नका असं तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. माझ्या मुलीबद्दल कोण लिहिणार? आणि मी कामाला बाहेर जाते तेव्हा तिला कोण मारतं, कोण काय करतं, हे तर ती मला सांगूही शकत नाही.”

हे पत्र वाचून आम्ही दोन दिवस काही लिहू शकलो नाही. कारण पत्रातल्या शेवटच्या वाक्याने आम्हाला आमचीच एक चूक आठवून दिली. ती चूक आम्ही आजवर या सदरात कधी सांगितली नाही. आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते. एका शिबिरात तिला कानाचे मशीन मिळाले होते. मशीन लावून ती पहिल्या बाकावर बसायची, आमच्या ओठांकडे टक लावून पाहायची आणि उर्दू इम्ल्यात ऐकणाऱ्या मुलींपेक्षा कमी चुका करायची. पुढे कधी मशीन असायचे, कधी नसायचे. मशीन नसले की ती दिवसभर फळ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत बसे. आम्ही विचारले, मशीन कुठे आहे? तिने खुणा केल्या. कानाजवळ हात नेऊन ओढल्यासारखे केले, ओठांवर दोन बोटे फिरवली, दोन्ही पंजे एकमेकांवर आपटले, मग मनगट पुढे केले. मनगटावर लालसर वळ होता. आम्हाला वाटले, खेळताना पडली असेल.

घरी निरोप धाडला. वडील सौदीत होते. चाचा आले. गोड बोलणारे, पांढरे शुभ्र कपडे, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला देणगी देणारे गृहस्थ. आम्ही मुलीला त्यांच्यासमोर बोलावले आणि त्यांनाच सांगितले, “ही काय म्हणते ते जरा सांगा. आम्हाला तिच्या खुणा कळत नाहीत.” त्यांनी तिच्याकडे पाहून हातवारे केले. तिने मान खाली घातली. ते हसून म्हणाले, “आपा, मशीन कानात टोचतं म्हणतेय. दरवाज्यात बोट सापडलं, म्हणून घाबरलीय. लाडावलेली आहे.” आम्ही समाधानाने मान हलवली. शिपायाला सांगून त्यांना चहा पाजला. मुलगी तिथेच उभी होती.

त्या दिवसानंतर तिने आम्हाला एकही खूण केली नाही.

आठ महिन्यांनी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका शाळेत आल्या. त्यांना खुणांची भाषा येत होती. त्यांनी मुलीला वाचनालयात नेले, दार लोटून घेतले आणि तासभर तिच्याजवळ बसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तिने त्यांना त्याच खुणा करून दाखवल्या होत्या. ओठांवर फिरवलेली बोटे म्हणजे मिशा, मिशा म्हणजे चाचा. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, लोक बघतात, म्हणून चाचा तिच्या कानातले मशीन काढून स्वतःच्या खिशात टाकत. मागच्या कोठीत कोंडत. दार वाजवले की पट्टा. जिच्यावर हे सगळे चालले होते तिला सांगता येत होते. तिने सांगितलेही होते. आम्ही मात्र तिची साक्ष मारणाऱ्याच्याच तोंडून ऐकून घेतली होती.

वाचकहो, शिक्षकाकडून झालेली ही चूक आमची एकट्याची असती, तर ती कबूल करून आम्ही गप्प बसलो असतो. पण या विषयावर जगभरात झालेले समाजशास्त्रीय संशोधन वाचू लागलो तेव्हा कळले की हेच सगळीकडे घडते.

शाळेचाच दाखला आधी घेऊ. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात दोन संशोधकांनी ५०,२७८ मुलांच्या शालेय नोंदी घेतल्या. त्या पोलिसांच्या आणि बालकल्याण खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अपंगत्व नसलेल्या मुलांपैकी ९ टक्के मुलांशी मारहाण, छळ किंवा हेळसांड झाल्याची नोंद होती. अपंगत्व असलेल्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे एकाच शहरात, तशाच शाळांत, तिपटीहून अधिक.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने असे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अपंगत्व असलेल्या मुलांना हिंसा सोसावी लागण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट निघाली. लैंगिक अत्याचाराची शक्यता २.९ पट. बौद्धिक किंवा मानसिक अपंगत्व असेल, तर हीच शक्यता ४.६ पट. मोठ्या माणसांतही अपंग व्यक्तीला धोका दीडपट, आणि मानसिक आजार असलेल्यांना जवळजवळ चौपट.

ते बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले होते. म्हणून दहा वर्षांनी, २०२२ साली, २५ देशांतले ९८ अभ्यास आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक मुलांची माहिती पुन्हा तपासली गेली. उत्तर तेच आले. अपंगत्व असलेल्या दर तीन मुलांत सुमारे एका मुलाने कोणती ना कोणती हिंसा सोसली होती.

आणि आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक लोकांची अपंग म्हणून नोंद झाली. त्यांच्यावर घरात काय गुदरते, याची मोजदाद आपल्याकडे फारच थोडी झाली आहे. २००४ साली ओडिशात अपंग स्त्रिया व मुलींचा एक लहानसा अभ्यास झाला. त्यात जवळजवळ सर्वच जणींना घरात मार खावा लागत असल्याचे आढळले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांपैकी २५ टक्के स्त्रियांवर बलात्कार झाला होता. ६ टक्के अपंग स्त्रियांची जबरदस्तीने नसबंदी केली गेली होती. हा आकडा एका राज्यातल्या एका लहान अभ्यासाचा आहे, तो सगळ्या देशाला लावता येणार नाही. पण तो वाचल्यावर आपल्या गल्लीतल्या बंद दारांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही, एवढे खरे.

हे असे का होते? पूर्वी तज्ज्ञही असे म्हणत की, अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्यावर ताण येतो आणि त्या ताणातून हात उगारला जातो. आपल्या पत्रलेखिका भगिनीलाही हेच वाटते. यात थोडे तथ्य आहे. दिवसरात्र एकटीने राबणाऱ्या आईला विश्रांती नाही, मदत नाही, कोणी “आज तू झोप, मी बघते” म्हणणारे नाही. पण कॅनडातील डिक सॉब्सी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या उत्तरातली खोट दाखवून दिली. सगळा दोष ताणावर टाकला की अखेर तो मुलाच्याच डोक्यावर बसतो. जणू मूल असे आहे म्हणून त्याला मार बसतो. प्रत्यक्षात तितकाच ताण सोसणारे हजारो आईबाप मुलाला बोटही लावत नाहीत. आणि मारणाऱ्यांत असेही कितीतरी असतात ज्यांच्यावर त्या मुलाच्या सांभाळाचा कणभरही ताण नसतो. आमच्या विद्यार्थिनीच्या चाचांवर कसला ताण होता? तिला न्हाऊ घालणे, जेवू घालणे सगळे तिची आई करत होती.

अभ्यासकांच्या मते खरी कारणे अपंगत्वाच्या भोवती असतात. पहिले कारण परावलंबन. ज्या हाताने घास मिळतो त्याच हाताचा मार असेल, तर तक्रार कोणाकडे करायची? दुसरे, एकटेपणा. ज्या मुलीला कोणी भेटत नाही, जी लग्नाकार्यात नेली जात नाही, जिला पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत बसवले जाते, तिच्या अंगावरचे वळ पाहणार कोण? तिसरे, आज्ञाधारकपणाची शिकवण. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला आपण लहानपणापासून एकच शिकवतो, मोठ्यांचे ऐक. कपडे काढ म्हटले की काढ, ये म्हटले की ये. ‘नको’ म्हणायला आपण त्याला कधी शिकवतच नाही. आणि चौथे, सगळ्यांत वाईट कारण म्हणजे अविश्वास. हिला काय कळते, ही काहीही सांगते, असे सगळे म्हणतात. हे मारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तो असाच माणूस निवडतो ज्याच्या बोलण्याला किंमत नाही.

आमच्या एका सहशिक्षकांचे म्हणणे असे की, घरात जमत नसेल तर अशा मुलांना एखाद्या आश्रमशाळेत किंवा बालगृहात ठेवावे, तिथे सुरक्षित राहतील. काही घरांना दुसरा इलाजही नसतो आणि चांगल्या संस्थाही आहेत. पण चार भिंती आणि कुलूप म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे महाराष्ट्राने स्वतःच पाहिले आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. त्यांना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि देशभर वाद झाला. ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. पुढे पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेतील मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. जिथे बाहेरचा माणूस येत नाही, जिथे मुलांना आपल्या भाषेत बोलता येईल असे कोणी नाही, ती जागा घर असो वा संस्था, धोका तोच.

आता कायद्याकडे येऊ. कारण ‘आपल्या हातात काय आहे’ हे ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ घरे गप्प बसतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. त्याच्या कलम ७ नुसार अपंग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण होत आहे, किंवा होण्याचा संभव आहे, असे वाटण्याजोगे कारण असेल, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. आपल्या तालुक्यात हा अधिकार तहसीलदारांकडे असतो. शेजारी कळवू शकतात, शिक्षक कळवू शकतात, नात्यातले कळवू शकतात. दंडाधिकाऱ्यांनी ती हिंसा थांबवण्यासाठी तातडीने पावले उचलायची असतात. त्या व्यक्तीची सुटका, संरक्षण, पोटापाण्याची सोय, हे सगळे त्यात येते. पोलिसांकडे तक्रार गेली, तर मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे हे पोलिसांनीच सांगायचे असते. याच कायद्याचे कलम ९२ वाचताना आम्ही थबकलो. ताब्यातल्या अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणे, आणि तिच्या साहाय्यक साधनाची मोडतोड करणे किंवा ते वापरू न देणे, हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. कानाचे मशीन काढून खिशात टाकणे, चाकाची खुर्ची कुलपात ठेवणे, आंधळ्याची काठी लपवणे, यांना आपण ‘जरा धाक दाखवला’ म्हणतो. कायदा त्याला गुन्हा म्हणतो.

मूल १८ वर्षांच्या आतले असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे. ज्याला हे कळले त्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, न कळवणे हाच गुन्हा. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर प्रकार धरला जातो. मुलाचा जबाब घेताना दुभाषा किंवा विशेष शिक्षक मिळण्याची तरतूदही आहे. २०१३ च्या दुरुस्तीने मोठ्या स्त्रियांसाठीही अशी सोय झाली. बलात्कारासारख्या गुन्ह्यात अपंग स्त्रीची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषाच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आणि त्याचे चित्रीकरण करायचे. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते? ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०१८ साली आठ राज्यांतील अशी १७ प्रकरणे तपासून अहवाल काढला. ठाण्यापासून न्यायालयापर्यंत या सोयी अनेकींना मिळतच नाहीत, असे त्यात दिसले.

सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा निकाल मात्र प्रत्येक घरात माहीत असावा. आंध्र प्रदेशातील १९ वर्षांची जन्मांध दलित मुलगी. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. आई बाहेर नळावर होती तेवढ्या वेळात त्याने दार आतून लावून घेतले. मुलीने त्याला आवाजावरून ओळखले. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. अपंग आहे म्हणून कोणाची साक्ष कमी प्रतीची ठरत नाही, असे त्यांनी निकालात नोंदवले. डोळस माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, आंधळा आवाजावरून. दोन्ही ओळखीच. न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस यांना या बाबतीत प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सुचवले. आमच्या मते त्या प्रशिक्षणाची गरज आम्हा शिक्षकांनाही आहे आणि नातेवाइकांनाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. आपल्या मोहल्ल्यात असे काही कळले की दोन शब्द ताबडतोब पुढे येतात, सब्र आणि इज्जत. आईला सांगितले जाते, ही अल्लाहची आजमाइश आहे, सब्र कर. आणि बात बाहेर गेली तर खानदानाची इज्जत जाईल. आमचा साधा प्रश्न आहे. सब्र मार खाणाऱ्या मुलीनेच का करायचा? मारणाऱ्याने आपल्या रागावर सब्र करावा, असे कोणी का सांगत नाही? आणि कोठीत कोंडलेल्या मुलीमुळे ज्या घराची इज्जत राहते, ती इज्जत कसली?

कुरआनमधील सूरह अबस कोणत्या प्रसंगी उतरली, हे आपल्या घरांतली मुलेही सांगतील. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे आंधळे सहाबी काही विचारायला आले, त्या वेळी कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू होते. आंधळ्याचे विचारणे सरदारांच्या बैठकीपेक्षा कमी महत्त्वाचे नाही, हा त्या सूरहचा धडा. पुढे हेच सहाबी मदीनेत अजान देत आणि पैगंबर (स.) मोहिमेवर गेले असता मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली जात असे. आम्ही हा प्रसंग वर्गात कितीदा शिकवला असेल. आणि शाळेच्या कार्यालयात, देणगीदार समोर बसलेला असताना, एका बहिऱ्या मुलीकडून तोंड फिरवले.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिच्या आईला आम्ही आणि विशेष शिक्षिका दोघी भेटलो. आईला सगळे माहीत होते. “आपा, सौदीचा पैसा दिराच्या खात्यावर येतो. मी बोलले तर आम्ही दोघी जाणार कुठं?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अखेर मुलीच्या नानांना बोलावले. म्हातारा माणूस, हमाली करून मुली वाढवलेल्या. विशेष शिक्षिकेने मुलीला समोर बसवून तिच्या खुणांचा एकेक अर्थ त्यांना सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, उठले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी मायलेकींना त्याच दिवशी आपल्या घरी घेऊन गेले. पोलिसांत तक्रार झाली नाही. वडीलधाऱ्यांनी ‘घरचं घरात’ म्हटले आणि आम्हीही गप्प राहिलो. आज वाटते, तक्रार व्हायला हवी होती. त्या घरात आणखीही लहान मुले होती.

आता आमच्या पत्रलेखिका भगिनीशी थोडे बोलतो.

तुमचा हात सुटतो हे तुम्ही लिहिलेत, यातच तुमची माया दिसते. पण माया आहे म्हणून मार हलका होत नाही. मुलीला तो लागतोच. आणि घरात आई मारते हे पाहिले की इतरांनाही मारायची परवानगी मिळते. म्हणून आधी तुमचा हात थांबवा. राग चढला की तिला सुरक्षित जागी बसवून चार मिनिटे दुसऱ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा. तिच्या कपडे खराब करण्याची वेळ पाहून ठेवा आणि त्याच्या आधी तिला संडासला बसवत जा. विशेष शिक्षक हे हळूहळू शिकवतात आणि १४ व्या वर्षीही पुष्कळ मुले शिकतात. तुमच्या मिस्टरांना हे पत्र वाचून दाखवा आणि आठवड्यातून दोन वेळा तिचा सांभाळ त्यांच्याकडे द्या. मूल दोघांचे आहे.

आणि ‘ती सांगू शकत नाही’ असे मात्र मानू नका. सांगण्याच्या वाटा वेगळ्या असतात. तिच्या शरीराच्या अवयवांची नावे तिला शिकवा, लाजू नका. एखादी बाहुली किंवा चित्र घेऊन ‘इथे दुखतं का’ विचारायची सवय लावा. ‘नको’ म्हणायला शिकवा, आणि ती तुम्हाला नको म्हणाली तर कधी कधी तिचे ऐका, म्हणजे त्या शब्दाला जोर आहे हे तिला कळेल. अंघोळ घालताना अंगावरच्या खुणा पाहा. एखाद्या माणसाला पाहून ती अचानक लपू लागली, झोपेत दचकू लागली, खाणे सोडले, एखाद्या घरी जायला आडवी पडू लागली, तर तिला हट्टी म्हणण्याआधी विचार करा की ती काय सांगत असेल.

इतर वाचकांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

अपंग व्यक्तीला काही विचारायचे असेल, तर तिच्या घरच्यांना मध्ये न घेता विचारा. दुभाषा लागला तर तो बाहेरचा हवा. जिल्ह्याच्या कर्णबधिर शाळेतले शिक्षक, गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक यांना बोलावता येते. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत बांद्र्याला आहे. खुणांची भाषा शिकायची इच्छा असलेल्या आपल्या तरुण मुलामुलींनी तिकडे चौकशी करावी. आपल्या समाजात वकील, डॉक्टर होत आहेत, तसे चार दुभाषेही होऊ द्या.

अपंग व्यक्तीच्या नावे मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यावर येतात का आणि ते तिच्यासाठी खर्च होतात का, हे नात्यातल्या एखाद्याने पाहावे. पैसा हिसकावणे हाही छळच आहे.

लग्नात, ईदला, जियारतला अशा मुलांना घेऊन जा. चार घरांची ओळख असलेल्या मुलावर हात टाकताना माणूस दहा वेळा विचार करतो.

आणि काही कळले तर गप्प बसू नका. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तहसीलदारांना एक साधा अर्जही पुरतो.

आमची ती विद्यार्थिनी आता मोठी झाली आहे. नानांच्या गावी शिवणकाम करते. मोबाइल आल्यापासून तिच्या हातांना पंख फुटले आहेत. मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर तासन् तास खुणांनी बोलते. गेल्या वर्षी एका लग्नात ती भेटली. त्याच विशेष शिक्षिका बरोबर होत्या. त्यांच्याकडून शिकलेल्या दोन-चार खुणांनी आम्ही तिची माफी मागितली. ती आमच्याकडे पाहत राहिली. मग तिने डाव्या तळव्याची बशी केली, उजव्या हाताने कप धरल्यासारखा केला आणि बोट आमच्याकडे केले. या खुणेला दुभाषा लागला नाही. तुम्ही त्याला चहा पाजला होता.

मग ती हसली, आमचा हात धरून पंगतीत घेऊन गेली आणि आपल्या शेजारी बसवले. तिने माफ केले की नाही, ते आम्ही विचारले नाही. पण आता आमच्या शाळेत कोणत्याही मुलाविषयी विचारायला पालकांना बोलावले, की आधी मुलाशी वेगळे बोलणे होते आणि मगच पालकांशी. चहा त्यानंतर.